बढाईचा उलटा ताळेबंद : प्रारंभिक ख्रिस्ती शिकवणीतील आत्मप्रौढी आणि नम्रता

१/
इ.स. १४ मध्ये रोमचा सम्राट ऑगस्टस मरण पावला. स्वतःच्या कर्तृत्वाची एक यादी त्याने मागे लिहून ठेवली होती. ती रोममध्ये त्याच्या समाधीसमोर ब्राँझच्या स्तंभांवर कोरण्यात आली. जिंकलेले प्रदेश, बांधलेली मंदिरे, वाटलेला पैसा, मिळालेले सन्मान असे सारे त्यात आहे. आपण भरवलेल्या खेळांत सुमारे १०,००० माणसे झुंजली, हेही त्यात प्रथमपुरुषी नोंदले आहे. मूळ स्तंभ नाहीसे झाले. पण अंकारा येथील मंदिराच्या भिंतींवर तो मजकूर लॅटिन आणि ग्रीक या दोन्ही भाषांत आजही वाचता येतो.

२/
त्यानंतर सुमारे ४० वर्षांनी, त्याच साम्राज्यात, पौल नावाच्या एका फिरत्या यहुदी धर्मप्रचारकाने आपल्या आयुष्याची यादी लिहिली. तीही प्रथमपुरुषी आहे, तीही आकड्यांनी भरलेली आहे. मात्र तिच्यात मोजले आहेत ते खाल्लेले फटके, भोगलेले तुरुंगवास आणि फुटलेली गलबते. करिंथ शहरातील एका लहानशा मंडळीला धाडलेल्या पत्रात ही यादी आली आहे. नव्या करारात हा मजकूर ‘करिंथकरांस दुसरे पत्र’ या नावाने ओळखला जातो.

३/
‘ख्रिस्ती धर्माने बढाई मोडीत काढली आणि जगाला नम्रता शिकवली’ असे एक ठोकळेबाज विधान नेहमी ऐकू येते. प्रारंभिक कागदपत्रांसमोर ते टिकत नाही. पौलाने बढाई सोडली नाही. बढाईत काय मोजायचे, तेवढे त्याने बदलले. आणि पुढील पाच शतकांचा इतिहास असे दाखवतो की, नम्रतेचे खरे मोल तिच्या शब्दांवरून कळत नाही. ते शब्द कोणी कोणाला ऐकवले आणि त्यांची किंमत कोणी मोजली, यावरून ते कळते.

४/
प्रथम त्या काळाची रीत पाहू. ग्रीक-रोमन जगात मान हा चारचौघांत मिळवायचा आणि चारचौघांत दाखवायचा असे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात ‘थोर मनाच्या’ माणसाचे वर्णन केले आहे. तो मोठ्या सन्मानास पात्र असतो आणि ती पात्रता ओळखूनही असतो. पात्रता नसताना मोठेपणा मिरवणारा जसा दोषी, तसाच पात्रता असून स्वतःला कमी लेखणाराही दोषी. त्या चौकटीत स्वतःला खाली ठेवणे हा सद्गुण नव्हता. ते मनाचे खुजेपण होते.

५/
याचा अर्थ त्या जगाला बढाईचा वीट नव्हता असे नाही. पौलानंतरच्या पिढीतील ग्रीक लेखक प्लुटार्क याने ‘इतरांना न खुपता आत्मस्तुती कशी करावी’ या विषयावर एक स्वतंत्र निबंध लिहिला. आरोपांना उत्तर देताना ती चालते; यशाचे श्रेय दैवाला वा देवाला दिले की ती टोचत नाही; मधूनच एखादा किरकोळ दोष कबूल केला की मत्सर शमतो. म्हणजे बढाई वाईट, पण गरज पडल्यास ती बेताने करता येते. हे कसब सुशिक्षित माणसाला अवगत असावे, अशी अपेक्षा होती.

६/
शब्दही पाहण्यासारखे आहेत. ज्या ग्रीक शब्दापासून पुढे ‘नम्रता’ हा ख्रिस्ती सद्गुण घडला, तो ‘टापाइनोस’ हा शब्द मुळात खालच्या जागेचा, खालच्या माणसाचा होता. हीन, दबलेला, गुलामी वृत्तीचा अशी त्याची छटा. त्याच्यापासून बनलेले ‘मनाचे लीनपण’ हे नाम इ.स. पहिल्या-दुसऱ्या शतकांतील तत्त्वज्ञ एपिक्टेटस दूषण म्हणून वापरतो. विशेष म्हणजे एपिक्टेटस स्वतः गुलाम म्हणून वाढला होता. ज्याने गुलामी भोगली त्यालाही या शब्दात गुण दिसला नाही.

७/
तरीही नम्रता ख्रिस्ती मंडळींनी शून्यातून निर्माण केली असे म्हणता येत नाही. यहुदी धर्मग्रंथांत मोशे हा पृथ्वीवरील सर्वांत नम्र माणूस म्हटला आहे. दीनांचा कैवार घेणारा देव स्तोत्रांत वारंवार भेटतो. शहाण्याने शहाणपणाची, बलवानाने बळाची, धनवानाने धनाची प्रौढी मिरवू नये. मिरवायचीच तर देवाला ओळखत असल्याची मिरवावी, असे यिर्मया संदेष्टा सांगतो. पौल करिंथकरांना लिहिताना याच वचनाचा आधार घेतो. त्याने बी यहुदी परंपरेतून आणले आणि ते रोमन वसाहतीच्या मातीत पेरले.

८/
ती माती कशी होती? जुने करिंथ रोमन सेनापती मुम्मिअसने इ.स.पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केले. इ.स.पू. ४४ च्या सुमारास जुलिअस सीझरच्या योजनेनुसार तेथे नवी वसाहत उभी राहिली. भूगोलकार स्ट्राबो सांगतो की, तेथे धाडलेल्या वसाहतकऱ्यांत बहुसंख्य लोक गुलामीतून मुक्त झालेले होते. शहर दोन समुद्रांच्या मधल्या संयोगभूमीवर, व्यापाराच्या वाटेवर. जुने सरदार घराणे नाही, पण पैसा आहे आणि वर चढायला जागा आहे. अशा गावात नाव कोरून घेण्याची घाई सर्वांनाच असते.

९/
त्याचा एक शिलारूप पुरावा करिंथच्या चौकात सापडला आहे. बाबिअस फिलिनस नावाच्या गृहस्थाने स्वखर्चाने एक स्मारक उभारले आणि पुढे नगराच्या दोन प्रमुख अधिकाऱ्यांपैकी एक झाल्यावर त्याला स्वतःच अधिकृत मंजुरी दिली. तसे त्याने लेखात नमूदही केले. रोमन रीतीप्रमाणे लेखात बापाचे नाव यायला हवे, ते नाही. म्हणून तो मुक्त झालेला गुलाम असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. ज्याला कुळाचे नाव नव्हते त्याने दगडात स्वतःचे नाव घडवले. या बढाईला हसणे सोपे आहे, पण तिच्यामागची भूक समजून घ्यायला हवी.

१०/
पौल या शहरात इ.स. ५० च्या आसपास आला. डेल्फी येथे सापडलेल्या शिलालेखावरून प्रांताधिकारी गल्लियोचा काळ ठरतो, आणि त्यावरून ही तारीख बरीच नेमकी मिळते. त्याने जमवलेल्या मंडळीत ज्ञानी, सत्ताधारी, कुलीन असे फारसे कोणी नव्हते, हे तो स्वतःच त्यांना लिहितो. पण ‘फारसे नव्हते’ याचा अर्थ काही होते. एकत्र भोजनाच्या वेळी काही जण पोट भरून पीत बसत आणि काही उपाशी राहत, अशी त्याची तक्रार आहे. शहरातली उतरंड मंडळीच्या पंगतीतही आली होती.

११/
पौल गेल्यावर तेथे दुसरे प्रचारक आले. त्यांच्याकडे शिफारसपत्रे होती, वक्तृत्व होते, आपल्या यहुदी वंशाचा अभिमान होता. पौल त्यांना उपरोधाने ‘अतिश्रेष्ठ प्रेषित’ म्हणतो. पौलाविषयी करिंथमध्ये कुजबुज अशी होती की, याची पत्रे वजनदार. पण माणूस समोर आला की दुबळा, आणि भाषण तर कवडीमोलाचे. ज्या शहरात वक्त्याची उभी राहण्याची ढबही पारखली जाई, तेथे हा आरोप किरकोळ नव्हता. पौलाचा अधिकारच पणाला लागला होता.

१२/
आरोपाची दुसरी बाजू पैशाची होती. पौलाने करिंथकरांकडून मानधन घेण्यास नकार दिला. तंबू शिवण्याच्या व्यवसायावर तो पोट भरी. मासेदोनियाहून आलेली मदत मात्र त्याने घेतली. धनिकाने गुणवंताला पोसायचे आणि गुणवंताने त्याचे गुण गायचे, ही त्या काळची रूढ देवघेव होती. ती नाकारणे म्हणजे आश्रयदात्याचा अपमान, आणि हाताने राबणे म्हणजे स्वतःची अप्रतिष्ठा. तुम्ही उंच व्हावे म्हणून मी खाली झालो हा माझा गुन्हा का, असा त्याचा बोचरा प्रश्न आहे. येथे नम्रता ही मनातली भावना नाही. ती बुडालेली मिळकत आणि हाताला पडलेले घट्टे आहे.

१३/
आता पौल काय करू शकत होता? गप्प बसला असता तर मंडळी हातची गेली असती. प्लुटार्कच्या पठडीतली सभ्य आत्मस्तुती केली असती तर प्रतिस्पर्ध्यांचे माप त्याने मान्य केल्यासारखे झाले असते. त्याने तिसरी वाट धरली. मी आता मूर्खासारखा बोलतो, असे बजावून त्याने मूर्खाचे सोंग घेतले आणि बढाईला आरंभ केला. ते इब्री आहेत? मीही. ते अब्राहामाचे वंशज आहेत? मीही. ते ख्रिस्ताचे सेवक आहेत? मी अधिक. वाचणाऱ्याला वाटते, आता पराक्रम येणार.

१४/
आणि यादी सुरू होते. यहुद्यांकडून चाळिसाला एक कमी असे फटके पाच वेळा. काठ्यांचा मार तीन वेळा. दगडमार एकदा. गलबत फुटले तीन वेळा. एक दिवस आणि एक रात्र समुद्राच्या पाण्यात. नद्यांची संकटे, लुटारूंची संकटे, भूक, तहान, थंडी, उघडेपण. आकडे देण्याची लकब थेट विजयलेखांची आहे. पण त्या समाजात फटक्यांचे वळ ही दाखवायची वस्तू नव्हती. छातीवरची जखम वीराची. पाठीवरचा वळ गुलामाचा. पौल आपली पाठ दाखवतो.

१५/
यादीच्या शेवटी एक प्रसंग येतो. दमास्कसमध्ये (मराठी बायबलमधील दिमिष्क) नबातियाचा राजा अरेतास याच्या अधिकाऱ्याने त्याला धरण्यासाठी शहरावर पहारा बसवला. तेव्हा भिंतीतल्या खिडकीतून टोपलीत बसवून त्याला खाली सोडण्यात आले. हा प्रसंग इथेच का? रोमन सैन्यात शत्रूच्या तटावर प्रथम चढणाऱ्या वीराला तटाच्या आकाराचा सोन्याचा मुकुट मिळे. त्या मुकुटाची ही मुद्दाम केलेली उलट आठवण असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. तट चढून जाणारा तो वीर. टोपलीतून उतरून पळणारा हा प्रेषित.

१६/
पुढे तो दिव्य अनुभवाकडे वळतो. चौदा वर्षांपूर्वी एक माणूस तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलला गेला, असे तो तृतीयपुरुषी सांगतो. ऐकले ते उच्चारता येत नाही म्हणतो आणि विषय मिटवतो. लगेच येतो तो शरीरातला काटा. तो काढावा म्हणून तीन वेळा विनवणी केली. काटा निघाला नाही. दुर्बलतेतच सामर्थ्य पूर्णत्वास जाते, एवढे उत्तर मिळाले. स्वर्गारोहणाच्या कथेतून ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, आणि चमत्काराच्या कथेत रोगी बरा होत नाही.

१७/
हे निव्वळ चातुर्य नव्हते काय? हा आक्षेप रास्त आहे. पौल अधिकार सोडत नाही. पुन्हा आलो तर गय करणार नाही, असा इशाराही त्याच पत्रात आहे. दुर्बलतेची यादी हे वादात जिंकण्याचे शस्त्र आहे, हे मान्यच करावे लागते. तरीही एक फरक उरतो. फटके त्याच्या स्वतःच्या पाठीवर पडले होते. त्याने किंमत आधी मोजली आणि पावती नंतर दाखवली. आणि ज्यांच्यापुढे दाखवली ते त्याचे मिंधे नव्हते. उलट त्याला नाकारण्याच्या बेतात होते.

१८/
हीच दिशा फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात अधिक स्पष्ट होते. फिलिप्पै ही निवृत्त सैनिकांची रोमन वसाहत. पदामागून पद चढल्याचे शिलालेख तेथे भरपूर. त्या वाचकांपुढे पौल ख्रिस्ताचा प्रवास पायरी पायरीने खाली उतरवतो : देवाच्या स्वरूपापासून दासाच्या स्वरूपापर्यंत, तेथून मरणापर्यंत, आणि मरणही क्रुसावरचे, म्हणजे गुलामांना व बंडखोरांना दिले जाणारे. चढणीची सवय असलेल्या डोळ्यांसमोर ही उतरण ठेवली होती. उतरतो तो सर्वांत वर असलेला. खाली असलेल्याला आणखी खाली दाबलेले नाही.

१९/
येथेच या शिकवणीचा कणा आहे आणि येथेच तिचा धोका. वर असलेला आपण होऊन उतरला तर ती नम्रता. खाली असलेल्याला ‘तू तिथेच राहा, तोच सद्गुण’ असे सांगितले तर ती व्यवस्था. पेत्राच्या नावाच्या पहिल्या पत्रात दोन्ही दिशा शेजारी शेजारी दिसतात. एकीकडे वडिलांनी, म्हणजे मंडळीच्या प्रमुखांनी, कळपावर धनीपणा गाजवू नये आणि सर्वांनी एकमेकांशी नम्रतेचे वस्त्र लेवून वागावे, असा उपदेश. दुसरीकडे घरच्या गुलामांनी कठोर धन्याच्याही अधीन राहावे, हाही उपदेश. दुसऱ्या उपदेशाची किंमत सांगणाऱ्याने मोजलेली नव्हती.

२०/
पुढचा टप्पा पुन्हा करिंथमध्येच घडतो. पहिल्या शतकाच्या अखेरीस, बहुधा इ.स. ९६ च्या सुमारास, रोमच्या मंडळीने करिंथला एक लांब पत्र पाठवले. परंपरा त्याचे कर्तृत्व क्लेमेंटला देते. करिंथमध्ये काहींनी उठाव करून जुन्या वडिलांना पदच्युत केले होते. पत्रात यिर्मयाचे तेच बढाईचे वचन येते, ख्रिस्ताच्या नम्रतेचा दाखला येतो, आणि अखेर उठाव करणाऱ्यांना सांगितले जाते की वडिलांपुढे गुडघे टेका, अधीन व्हा. पौलाची भाषा कायम. तिचे तोंड मात्र आता खालच्या बाजूला वळले.

२१/
क्लेमेंटवर अन्याय होऊ नये. पदच्युत झालेले वडील निर्दोष होते, असे त्याचे म्हणणे आहे; पलीकडची बाजू सांगणारा कागद मागे उरलेला नाही. थोर मनाच्या माणसाने भांडण मिटावे म्हणून स्वतः होऊन दूर व्हावे, असेही तो सुचवतो. नम्र माणसाने आपल्या नम्रतेची साक्ष स्वतः देऊ नये, ती दुसऱ्याने द्यावी, ही त्याची सूचना मार्मिक आहे. पण नम्रतेचे आवाहन हे शिस्तीचे साधन होऊ शकते, हे या पत्राने दाखवून दिले. पुढील शतकांत ते साधन फार वेळा हाती घेतले गेले.

२२/
दरम्यान दुसरी अडचण उभी राहिली : नम्रताच प्रतिष्ठेची झाली. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा इग्नाशिअस पहाऱ्यात रोमकडे नेला जात होता, हौतात्म्य समोर दिसत होते. आपली बढाई आपल्याला बुडवू नये म्हणून मी स्वतःला आवरतो, असे तो त्रालेसच्या मंडळीला लिहितो. पॉलिकार्पला लिहिताना तो बजावतो की ब्रह्मचर्य पाळणाऱ्याने त्याची प्रौढी मिरवली तर तो गेलाच. म्हणजे त्यागाचा टेंभा मिरवणारे तेव्हाच मंडळीत दिसू लागले होते.

२३/
चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातील संन्याशांनी या रोगाचे निदान बारकाईने केले. इव्हाग्रिअसने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांच्या यादीत पोकळ कीर्तीचा मोह आणि गर्व हे दोन वेगळे धरले. त्याचा वारसा लॅटिन जगात नेणाऱ्या कासिआनने कीर्तीच्या मोहाला कांद्याची उपमा दिली : एक पापुद्रा सोलावा तो खाली दुसरा हजर. भरजरी वस्त्रांनी जो फसत नाही, त्याला हा मोह फाटक्या वस्त्रांनी फसवतो, असे त्याचे निरीक्षण आहे. ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनात आणखी पुढे जातो : कीर्तीला तुच्छ लेखण्याचीच माणूस बढाई मारतो.

२४/
या प्रवासाचे एक टोक रोममध्ये सापडते. इ.स. ५९० ते ६०४ या काळात पोप असलेल्या पहिल्या ग्रेगरीने स्वतःसाठी ‘देवाच्या दासांचा दास’ हे बिरुद वापरले. तो स्वतः मठवासी होता, आणि त्याच्या कळकळीवर शंका घेण्याचे कारण नाही. पण बिरुद त्याच्यापुरते राहिले नाही. पुढे ते पोपच्या अधिकृत पदव्यांत कायमचे दाखल झाले आणि राजांना धर्मबहिष्कृत करणाऱ्या पत्रांच्याही माथ्यावर झळकले. ‘दास’ हा शब्द आता सिंहासनावर बसला होता.

२५/
म्हणून नम्रतेचा सारा इतिहास ढोंगाचा म्हणावा काय? तसे म्हणणे आळशीपणाचे होईल. ज्या परंपरेने नम्रतेचे बिरुद केले, तिनेच कांद्याची उपमाही दिली. स्वतःच्या सर्वांत आवडत्या सद्गुणावर इतका सततचा संशय घेणे ही प्रारंभिक ख्रिस्ती विचाराची खरी कमाई आहे. ग्रीक-रोमन विचारवंतांनी बढाईची मर्यादा शोधली. या लोकांनी नम्रतेच्या आत लपलेली बढाई शोधली. त्या शोधाचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

२६/
इतिहास वाचणाऱ्यासाठी यात एक व्यवहारी धडा आहे. जुन्या कागदात ‘मी पामर’, ‘मी दास’ असे शब्द आले की ते लिहिणाऱ्याच्या स्वभावाचा पुरावा समजू नये. आणि दगडावर नाव कोरणारा दिसला की त्याला हलका लेखू नये. बाबिअसच्या शिलालेखात कुळ नसलेल्या माणसाची ओळखीसाठीची धडपड असू शकते, आणि दासाच्या बिरुदात सत्ता असू शकते. शब्दांपेक्षा देवघेव पाहावी : बोलणारा कोठे उभा होता, ऐकणारा कोठे, आणि त्या शब्दांनी कोणाचे काय गेले.

२७/
या कसोटीवर पौलाची यादी आजही उभी राहते. त्याने बढाई मारली, मूर्खाच्या सोंगात मारली, जिंकण्यासाठी मारली. पण ‘तुम्ही खाली व्हा’ असे सांगण्याआधी तो स्वतः टोपलीत बसून तटावरून खाली उतरला होता. नम्रतेचा उपदेश करणाऱ्या प्रत्येकाला, तेव्हाच्या आणि आताच्या, हा एकच प्रश्न विचारावा : महाराज, आपली टोपली कोठे आहे?

(समाप्त)